लाईट रोज जाते

एका गावात एका माणसानं माझ्यासमोर चक्क म्हैस आणून उभी केली होती. दूध संकलन केंद्राच्या पायरीशी, संध्याकाळी, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या गर्दीत. "कॉम्प्युटरवाल्या बाई तुमीच न्हवं? हिच्याकडं बगा आन् सांगा, हिचं दूध साडेचार फॅटचं असंल का?" मी म्हशीकडं बघितलं, म्हशीनं माझ्याकडं. मागून माझे भागीदार बापू म्हणाले, "म्हस तर सहाची वाटती, पावणं. मधी पाणी कुणी घातलं ते तिलाच इचारूया का?" लोक हसले, म्हैस घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची फॅट आपोआप सुधारली.

नव्वदच्या दशकात सांगली-सातारा भागातल्या गावोगावच्या संकलन केंद्रांत कॉम्प्युटर बसवायचं काम आम्ही दोघं करायचो. मी वाईची. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, घरच्यांनी बँकेच्या परीक्षा द्यायला सांगितल्या, त्या मी मन लावून नापास झाले आणि सांगलीला आले. बापू वडूजजवळच्या एका गावचे. लष्करात सिग्नलमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावी थोडी कोरडवाहू शेती आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, ती वहिनी, म्हणजे बापूंची बायको, चालवायच्या. बापू आठवडाभर सांगलीत आणि रविवारी गावी असायचे. विश्रामबागला एका गॅरेजच्या वरची खोली हे आमचं ऑफिस. खाली पत्रा ठोकायचे, वर आम्ही प्रोग्राम लिहायचो. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, पण मला ताई म्हणायचा, आणि नाकावर राग कायम. माझाही राग काही कमी नाही. खालच्या ठोकाठोकीचा आम्हाला कधी त्रास झाला नाही, कारण वरून आमचाच आवाज जास्त असायचा.

काम काय होतं ते सांगते. संकलन केंद्रात वजनाचा काटा असतो, फॅट मोजायचं यंत्र असतं, चिठ्ठी छापणारा प्रिंटर असतो. दोन रांगा असल्या की सगळं दुप्पट. इतक्या तारा जोडायला कॉम्प्युटरच्या पाठीत जागा नसते. पुण्यातला एक छोटा कारखाना आठ तारा घेणारं एक कार्ड बनवायचा, ते आम्ही वापरायचो. पण त्या कार्डाशी बोलायचं कसं, हे कॉम्प्युटरच्या गाभ्याला शिकवावं लागतं. गाभा म्हणजे सगळ्यांच्या आधी जागा होणारा प्रोग्राम. आमच्याकडं कॅनॉलला पाटकरी असतो, तसा. कुणाला किती वेळ पाणी, कुणाची पाळी कधी, कुणी दांडगाई करून दुसऱ्याच्या पाण्याचं दारं मोडलं तर त्याला आवरायचं. बाकीचे प्रोग्राम पिकं घेतात, हा नुसता पाण्याच्या पाळ्या सांभाळतो. इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात. आयुष्यभर कर्नलसाहेबांना सलाम ठोकला, आता कर्नलच दुरुस्त करायला मिळतोय, असं बापू येईल त्याला सांगायचे.

दुरुस्त करायला मिळायचं, कारण आम्ही वापरत होतो तो गाभा सगळ्यांसाठी उघडा होता. जगभरातली माणसं तो मिळून लिहीत होती. कुणीही तो घ्यावा, वाचावा, खोट काढावी आणि बदल सुचवावा. बदल सुचवायचीही रीत होती. सगळी फाईल पाठवायची नाही. जी ओळ काढायची तिच्यापुढं वजा, जी घालायची तिच्यापुढं अधिक, एवढाच तुकडा पाठवायचा, आणि वर साध्या भाषेत लिहायचं की हा बदल कशासाठी. याला पॅच म्हणतात. आमच्या गोधडीला लावतात तसलं ठिगळच, फक्त ते लावून घ्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस दुसऱ्या खंडात बसलेला. तारा आणि कार्डं यांचा भाग ज्याच्याकडं होता त्या गृहस्थाला आम्ही कधी पाहिलं नाही. बापू ओळख नसलेल्या प्रत्येकाला पावणं म्हणायचे, तसं त्यालाही म्हणायला लागले, आणि माझ्याही तोंडी तेच बसलं.

बापूंनी कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. ड्रायव्हर म्हणजे गाभ्याचा तो भाग जो त्या एका वस्तूशी बोलतो. तो आमच्या केंद्रांत व्यवस्थित चालू लागला, तेव्हा बापूंच्या मनात आलं की हा मूळ गाभ्यातच गेला पाहिजे. म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो आपोआप येईल आणि आम्हाला दर वेळी पुन्हा जोडकाम करावं लागणार नाही. हे कारण खरं होतं. पण फाईलच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, हे दुसरं कारण जास्त खरं होतं. लष्करात दुरुस्त केलेल्या एकाही सेटवर त्यांचं नाव नव्हतं.

त्यांनी सगळा ड्रायव्हर, त्याच्याबरोबर आजूबाजूच्या कोडात जिथं जिथं खोट दिसली तिथं केलेली साफसफाई, असं सगळं एकाच गठ्ठ्यात बांधून पाठवलं. तेव्हा मेल पाठवायची म्हणजे पुण्याला फोन लावून मोडेमच्या किंकाळ्या ऐकत बसायचं. गठ्ठा एवढा मोठा की दोनदा लाईन तुटली. चार दिवसांनी उत्तर आलं. "काम चांगलं दिसतंय, पण असं घेता येणार नाही. तुकडे करा. एका तुकड्यात एकच बदल. प्रत्येक तुकडा लावल्यावर यंत्र चालू राहिलं पाहिजे."

बापू भडकले. "आवं, वाचलं तरी का ह्यानं? नांगरट झाल्याव कुणी सांगतंय का, आता एकेक तास परत घाल म्हनून?" दोन दिवस ते त्या विषयावर बोलले नाहीत, मला चहा मात्र स्वतः करून देत राहिले. त्यांचा राग ओळखायची तीच खूण होती.

पण पाहुण्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हजार माणसं एकाच गाभ्यात हात घालतात. उद्या काही बिघडलं तर कुणाच्या कुठल्या बदलानं बिघडलं, हे एकेक पाऊल मागं जात शोधावं लागतं. पाट कुठं फुटलाय ते बघायला माणूस कडेनं चालत जातो तसं. गठ्ठा असला तर कुठं बघणार? तिसऱ्या दिवशी बापू आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "ताई, बरुबर हाय तेचं. सेट उघडला की आमीबी एकच वायर सोडायचो. दोन सोडल्या की गेलं काम." आणि कामाला लागले. तुकडे करायला ड्रायव्हर लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. करता करता त्यांनाच स्वतःच्या दोन चुका सापडल्या. तेव्हापासून 'एकावेळी एकच' हे त्यांचं पालुपद झालं. मी एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात सोल्डरिंग आयर्न धरलं की तेच ऐकवायचे.

पाहुण्यानं तुकडे घेतले. एक अडला, आणि तोच आमच्या जिवाचा होता.

आमच्याकडं दूध घालायची वेळ आणि लाईट जायची वेळ एकच. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहायचा, पण काटे मरायचे. लाईट परत आली की काटा जागा होताना भलतंसलतं बरळायचा, आणि कॉम्प्युटर ते बरळणं वजन म्हणून लिहून घ्यायचा. एकदा एका आजीबाईंच्या नावावर एवढं दूध चढलं की त्या हात जोडून म्हणाल्या, "माजी एकच म्हस हाय रं बाबा, टँकर न्हाई." लोकांनी हसण्यावारी नेलं. पण ज्या केंद्रावर असं दुसऱ्यांदा होतं तिथं तिसऱ्यांदा हसत नाहीत. काट्यावरचा विश्वास उडाला की केंद्र बसलं.

यावरचा उपाय बापूंना गावाकडं सापडला, आणि तो कुठून आला हे ते लपवत नसत. लाईट आली की वहिनी कधीच लगेच गिरणी लावत नसत. दारात डबे घेऊन बायका ताटकळलेल्या असत, घाई करत, आणि वहिनी वरच्या दिव्याकडं बघत म्हणत, "थांबा. स्थिर हू द्या." दिव्याची फडफड बंद झाली, उजेड एकसारखा झाला, की मगच बटण. बापू सुट्टीवर असताना एकदा त्यांनी हे ऐकलं नव्हतं आणि मोटरीचं वाइंडिंग जाळलं होतं. "आमच्या मंडळीला जे ठावं हाय ते ह्या कॉम्प्युटरला न्हाई," असं म्हणत सोमवारी त्यांनी सात ओळी लिहिल्या. तार गप्प होऊन परत बोलायला लागली की लगेच ऐकायचं नाही. थोडी शांतता येईपर्यंत जे येईल ते फेकून द्यायचं, मग ऐकायला लागायचं. कोडातल्या अशा प्रत्येक छोट्या कामाला नाव द्यावं लागतं, म्हणजे बाकीच्या कोडाला त्याला हाक मारता येते. बापूंनी रोमन अक्षरांत नाव दिलं, थांबा.

मेल लिहायचं काम माझं. बापूंचं इंग्रजी कामापुरतं होतं आणि कामापुरतं म्हणजे लष्करी. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत मऊ करून लिहायचे. या तुकड्याचं कारण लिहिताना मी लिहिलं, आमच्या भागात कधीकधी विजेची गैरसोय होते. पाहुण्याचं उत्तर आलं की कधीकधी होणाऱ्या गोष्टीसाठी ड्रायव्हरमध्ये ओळी वाढवू नयेत, वीजपुरवठा दुरुस्त करून घ्यावा.

बापूंनी माझी मेल वाचायला मागितली. बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"ताई, हे कवाकवा का लिवलं तुमी?"

"मग काय लिहू? परक्या माणसाला सांगू, आमच्याकडं रोज अंधार असतो म्हणून?"

"रोज जाती म्हनून रोज लिवा की! तेला काय आपल्यात पोरगी द्यायची हाय?"

मी चिडले. घरात पाहुणा आला की फुटका कप मागं ठेवतात, असं वळण माझ्या अंगात मुरलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बापू म्हणाले, "झाकल्याली मूठ दुरुस्त कशी करनार वो कोन?" यावर मी आणखी मोठ्यानं बोलले. खालची ठोकाठोक थांबली, गॅरेजवाले ऐकत होते. शेवटी त्यांनी सांगितलं तसं मी शब्दाला शब्द लिहिलं. आमच्याकडे लाईट रोज जाते. दूध घालायच्या वेळेलाच जाते. आम्ही ती दुरुस्त करू शकत नाही, ड्रायव्हर दुरुस्त करू शकतो. आठवड्यात तुकडा घेतला गेला. पाहुण्यानं एवढंच विचारलं की या नावाचा अर्थ काय. मी कळवलं, 'थांबा' म्हणजे थांबा. त्यापुढं बापूंच्या मेल मी कधी मऊ केल्या नाहीत.

नवी आवृत्ती आली तेव्हा फाईलच्या डोक्यावर बापूंचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं सांगली, भारत. ते पान छापून घेऊन आम्ही गावी गेलो. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं. बापूंनी नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी पीठ लागलेला हात पदराला पुसला, त्या नावावरून फिरवला आणि विचारलं, "हे कुठं कुठं गेलं?" बापू म्हणाले, "समद्या जगात." त्या दिवशी दळायला आलेल्या प्रत्येकीला कंदी पेढा मिळाला. नंतर बापू माझ्याबरोबर एसटी स्टँडवर आले. मग म्हणाले, "जगात गेलं खरं. पर ताई, आपल्याबिगर हे कोन वापरतंय का? कार्ड तर पुन्याचं. तिकडं कुणाकडं असनार?"

"नसेल," मी म्हटलं. "पण असायला पाहिजे असं कुठं आहे?"

"न्हाई, तसं न्हाई," ते म्हणाले. "आपलं इचारलं."

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, आदल्या दिवशी बापू बैल धुऊन घरी आले, गिरणीच्या पायरीवर बसले, आणि छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाले. वडूजच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेले. मला सांगलीत निरोप मिळाला तेव्हा मी त्यांच्याच मशीनवर त्यांचीच चूक शोधत होते आणि ते सोमवारी आल्यावर त्यांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. ते सगळंच बोलायचं राहून गेलं. आम्ही भागीदार होतो, नातं म्हणून दाखवायला काही नव्हतं. त्यामुळं मला रडायला नेमकी जागाही नव्हती. मी ऑफिसात येऊन कुलूप लावून रडले.

पाहुण्याला कळवलं. त्याचं उत्तर छोटं होतं. "मी त्यांना कधी भेटलो नाही, पण त्यांचा राग मला ओळखीचा होता. यापुढे हा ड्रायव्हर कोण सांभाळणार?" मी म्हटलं, मी. बापूंच्या नावाखाली माझं नाव आलं.

सांभाळणं म्हणजे काय, तर गाभा सतत बदलत असतो. रोज कुणीतरी कुठंतरी दोन ओळी हलवतं, आणि त्यानं तुमचं काही मोडत नाही ना हे बघत राहायचं. जो ड्रायव्हर कुणी वापरत नाही तो नुसता ओझं होतो, म्हणून तो काढून टाकतात. यात दुष्टपणा नाही. काढायच्या आधी मेलच्या यादीवरच्या सगळ्यांना विचारतात, हे कुणी वापरतंय का? पुण्याचा कारखाना बंद पडला होता. केंद्रांत तयार पेट्या यायला लागल्या होत्या, त्यात काटा, फॅट, चिठ्ठी सगळं एकत्र. आमची कार्डं एकामागून एक गेली. पाहुण्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी लिहिलं, होय, आमच्याकडे काही ठिकाणी आहे. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा लिहिलं, होय, एक आहे.

ते एक बापूंच्याच गावच्या केंद्रात होतं. सांगलीहून विटा, मायणी करत एसटीनं वडूज, तिथून पुढं मिळेल त्या गाडीनं. बाकीच्या कार्डांचे सुटे भाग पिशवीत घेऊन मी जायची. केंद्राचे सचिव वैतागलेले. "ताई, नवी पेटी घेऊ द्या की आता. तुमचा एवढा का जीव अडकलाय हितं?" मी काहीतरी तांत्रिक बोलून वेळ मारून न्यायची. जीव कुठं अडकलाय ते त्यांना पलीकडच्या गल्लीत गेल्यावर कळलं असतं. तिथं गिरणीत वहिनी असायच्या. पाणी दिलं, चहा टाकला, की न चुकता तोच प्रश्न.

"नाव हाय न्हवं अजून?"

"आहे वहिनी."

"मग बरं," म्हणून त्या पिठाच्या डब्याकडं वळायच्या. मुलगी लग्न होऊन मुंबईला, घरात दुसरं कुणी नाही. बापूंचा लष्करातला फोटो भिंतीवर होता, पण त्याच्याबद्दल त्या कधी काही विचारत नसत. फोटोतले बापू गेलेले होते. नावातले बापू रोज कुठंतरी कामावर जात होते, असा त्यांचा हिशेब असावा. मला तो हिशेब मोडायचा नव्हता. खरं तर माझाही तोच होता.

वळवाच्या एका संध्याकाळी गावात वीज पडली. माणसं, जनावरं वाचली, पण टेलिफोनचा खांब, सरपंचांचा टीव्ही आणि आमचं कार्ड गेलं. मी जाऊन बघितलं तेव्हा कार्डाच्या मधोमध काळा डाग होता आणि खोलीत अजून जळका वास. पिशवीतले सगळे भाग लावून बघितले. मग सचिवांना म्हटलं, घ्या नवी पेटी. त्या दिवशी मी गिरणीकडं गेले नाही. तशीच वडूजला येऊन गाडीत बसले.

काही आठवड्यांत पाहुण्यानं तिसऱ्यांदा विचारलं. खोटं लिहिता आलं असतं. हो, एक आहे, असं लिहिलं असतं तर इतक्या लांबून कोण बघायला येणार होतं? पण बापूंनी माझ्याकडून 'कधीकधी'चं 'रोज' करून घेतलं होतं. त्यांच्याच फाईलसाठी मी खोटं लिहायचं, हे जमेना. मी लिहिलं, आता कुणी वापरत नाही. आणि पुढं लिहिलं, काढायचा पॅच मीच पाठवते. घरच्या माणसाचं शेवटचं घरच्यानंच करायचं असतं, हे पाहुण्याला लिहून कळलं नसतं. पण त्यानं बरं म्हटलं.

काढायचा पॅच म्हणजे सगळ्या वजा ओळी. फाईलच्या डोक्यापासून शेवटापर्यंत प्रत्येक ओळीपुढं वजा. पहिल्याच पानावर बापूंचं नाव, वडिलांच्या नावासकट, सांगली, भारत, आणि त्याच्यापुढं ती आडवी रेघ. मी उठून खिडकीशी गेले. खाली कुणाच्या तरी गाडीचा पत्रा ठोकत होते. परत येऊन बसले. पाठवायच्या आधी उरलेला गाभा बांधून, म्हणजे सगळ्या फाईली जोडून एक करून, बघायचा असतो, ती बापूंची शिस्त. यंत्र चालू राहिलं पाहिजे. म्हणून बांधायला लावला.

गाभा बांधला गेला नाही. मधेच थांबून मशीननं चूक दाखवली की अमुक फाईलला 'थांबा' हवाय आणि तो कुठंच नाही.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. ती फाईल आमची नव्हती. मी ती आयुष्यात उघडली नव्हती. उघडली. कुठल्या तरी दूरच्या बेटावरच्या माणसानं लिहिलेला ड्रायव्हर होता, मासळीच्या बंदरातल्या काट्यांसाठी. कार्ड वेगळं, सगळंच वेगळं. पण मधे एका ठिकाणी त्यानं बापूंच्या सात ओळींना हाक मारली होती, आणि शेजारी साध्या इंग्रजीत टीप लिहिली होती. इथे वीज रोज जाते. काटा शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय, तेच वापरतो.

उघड्या कोडात विचारावं लागत नाही. घ्यायचं, वापरायचं, म्हणून त्यानं आम्हाला कळवलं नव्हतं. मी मागच्या आवृत्त्या काढून बघत गेले, हे आलं कधी. एकेक मागं जात गेले आणि जिथं पहिल्यांदा दिसलं ती आवृत्ती बापू असतानाची होती. एसटी स्टँडवर त्यांनी मला तो प्रश्न विचारला त्यानंतर थोड्याच दिवसांनी आलेली. आम्ही दोघांनी ती आवृत्ती उतरवून घेतली होती, आपली फाईल उघडून नाव जागेवर आहे ना एवढं बघितलं होतं आणि खूश होऊन बंद केली होती. शेजारची फाईल उघडली नाही. बापू गेले ते आपलं कुणी वापरत नाही असं समजून गेले. याचं मला आजही वाईट वाटतं. इतकी वर्षं झाली, कमी झालेलं नाही.

मग बापूंच्या रीतीनं केलं. एकावेळी एकच. पहिला पॅच, त्या सात ओळी उचलून सगळ्यांच्या सामाईक फाईलमध्ये ठेवायच्या. दुसरा पॅच, बाकीचा ड्रायव्हर काढून टाकायचा. सामाईक फाईलमध्ये त्यांचं नाव घालता येईल का, असं मी पाहुण्याला विचारलं. त्या फाईलमध्ये कुणाचंच नाव नाही, माझंही नाही, असं उत्तर आलं. यावर काय भांडणार. दोन्ही तुकडे घेतले गेले. "क्रम बरोबर आहे," एवढंच त्यानं लिहिलं.

त्यानंतर बापूंच्या गावी गेले. केंद्रात नव्या पेटीला लाल दिवे लागले होते, माझं तिथं काही काम नव्हतं. संध्याकाळची वेळ होती, गिरणीत दोन बायका डबे ठेवून गेल्या होत्या. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या चहाला वळणार, एवढ्यात लाईट गेली. पट्टा फिरत फिरत थांबला. अंधारात बसून त्यांनी विचारलं.

"नाव हाय न्हवं अजून?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "काढलं. मीच काढलं."

मी सगळं सांगितलं. वीज पडली ते, कार्ड जळालं ते, कुणी वापरत नसलं की काढतात ते. मग त्या बेटावरच्या माणसाचं सांगितलं. त्याच्याकडं मासळीचे काटे आहेत, आणि बापूंनी लिहिलेलं एवढंसं तो वापरतो, आणि ते त्याच्यासाठी ठेवावं लागलं.

वहिनींनी विचारलं, "तितंबी लाईट जाती व्हय?"

"रोज जाते."

"रोज?" त्या म्हणाल्या. "आगं बया. आन् मासळी वल्ली. लगीच नासत आसंल." मग पदरानं डोळे पुसल्याचा आवाज अंधारात नुसता ऐकू आला. "ह्यास्नी कळाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

त्या ओळींना त्यांचाच शब्द नाव म्हणून दिलेला आहे, हे मला सांगायचं होतं. बापूंनी कधी सांगितलं होतं का, मला माहीत नव्हतं. कसं सांगावं ते जुळवत होते, तेवढ्यात लाईट आली. वरचा दिवा फडफडला. डबेवाल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काहीतरी करावं म्हणून मीच उठले आणि बटणाकडं हात नेला.

"थांबा, ताई," वहिनी दिव्याकडं बघत म्हणाल्या. "स्थिर हू द्या."

मी हात मागं घेतला आणि तिथंच उभी राहिले.